एक डास, दोन गळे

मृगाचा दमदार पाऊस झाला की वाशीमच्या शिवारात पिवळेजर्द बेडूक दिसू लागतात. एरवी मळकट हिरवा असणारा हा मोठा बेडूक विणीच्या मोजक्या रात्रींपुरता जणू हळदीला बसतो. नराच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. तोंड मिटलेलंच! फुप्फुसातली हवा स्वरतंतूंवरून पिशव्यांत जाते, परत येते आणि सोयाबीनच्या बांधावरचं डबकं ‘डरांव डरांव’ करू लागतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गाणारा पक्षी मात्र मोठ्यांचं ऐकून गाणं उचलतो. त्याचं स्वरयंत्र श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथं असतं आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजवता येतात. एका गळ्यातून एकाच वेळी दोन सूर! हवाई बेटांपैकी काउआईवर असाच एक पक्षी होता, ओओ. नर-मादी जोडीनं गायचे. १९८२च्या चक्रीवादळानंतर शेवटची मादी पुन्हा दिसली नाही. एकटा नर गात राहिला, तो १९८७मध्ये शेवटचा ऐकू आला. त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आहे. शिकायला पिल्लू नाही.

जंगलतोड, उंदीर, वादळं ही कारणं आहेतच. पण मला थक्क करतो तो डास. हवाईत मुळात डास नव्हते, बेडूकही नव्हते. १८२६च्या सुमारास जहाजावरच्या पाण्यातून क्युलेक्स डास उतरला आणि पुढे त्यानं पक्ष्यांचा मलेरिया पसरवला. तिथल्या पक्ष्यांना या रोगाशी झुंजायची सवयच नव्हती. ओओ उरला तो उंचावरच्या थंड अलाकाई दलदलीत, जिथं डासाला वाढणं जड जातं.

हा क्युलेक्स आपल्या नालीत वाढणारा, हत्तीरोग पसरवणाराच. इथं त्याला गिऱ्हाईक आहे: आपल्या पिवळ्या बेडकाचे बेडूकमासे मांसाहारी, डासांच्या अळ्या मटकावतात. (भावंडांनाही सोडत नाहीत, ते वेगळं.) या बेडकाच्या तंगड्या मात्र परदेशी ताटांत जात होत्या, वर्षाला हजारो टन. भारतानं ती निर्यात बंद केली तीही १९८७मध्येच.

हवाईत आता बेडूक आहेत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोपांच्या कुंड्यांतून पोर्तो रिकोचा इवलासा कोकी बेडूक तिथं पोचला. त्याच्या आवाजानं झोप उडते म्हणून लोक त्याच्यावर सायट्रिक ॲसिड फवारतात.