शिरवळच्या विहिरीतली ऊब

1991 नंतर पुण्याच्या आसपास निर्यातीच्या फुलांचं वारं आलं. आधी मावळात कंपन्यांची हरितगृहं उभी राहिली. 2005 साली राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झालं, अनुदान मिळू लागलं आणि दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस नीरेकाठी शिरवळ-खंडाळ्याच्या शेतकऱ्याच्याही आवाक्यात आलं. गुलाब, जरबेरा हॉलंडचे, तंत्रही बरंचसं तिथलंच. हरितगृह तापवायचा बॉयलर मात्र कुणी आणला नाही. आपलं खरं भांडण मार्च-एप्रिलच्या उन्हाशी. सगळा खर्च फॉगर आणि शेडनेटवर.

पण जानेवारीच्या काही रात्री नडतातच. पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, गुलाबाला पंधरा तरी हवेत. 14 फेब्रुवारीचा बाजार धरून डिसेंबरात छाटणी झालेली असते. कळी चार दिवस मागे पडली तर भाव गेलाच. पडदे घट्ट लावावेत तर आत दमटपणा साचून डावणी येते. अशा वेळी विहीरच कामी आली. जमिनीत दहा-बारा मीटर खाली ऋतू फारसे पोचत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे विहिरीचं पाणी बाराही महिने पंचवीस अंशांच्या आगेमागे राहतं. निफाड असो की तासगाव, द्राक्षवाले पहाटे बागेला पाणी सोडतात ते याच हिशेबाने. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडात पारा दोन अंशांखाली गेला, तेव्हाही शेकोट्यांच्या जोडीला हाच उपाय होता.

पाणी वाफ्यात सोडण्याऐवजी त्यातली उष्णता हवेत खेळवली तर? पंजाबात सेठी आणि शर्मा या संशोधकांनी ते करून पाहिलं. सिंचनाच्या कूपनलिकेचं 24 अंशांचं पाणी वापरून त्यांनी हिवाळ्याच्या रात्री हरितगृह बाहेरच्यापेक्षा 7 ते 9 अंश उबदार ठेवलं. उन्हाळ्यात त्याच पाण्याने ते गारही केलं. हा शोधनिबंध आला 2007 मध्ये. त्याच साली हॉलंडमध्ये ब्लाइस्वाइकच्या एका टोमॅटोवाल्याने गरम पाण्यासाठी दीड किलोमीटरहून खोल भोक पाडलं होतं. आपल्याला इतकं खोल जायची गरज नव्हती, आणि पंजाबचा प्रयोग इकडे रुजलाही नाही. गणितही सोपं नव्हतं. दहा हजार लिटर पाणी दहा अंशांनी निवलं तर साधारण 116 युनिट उष्णता देतं. एकेरी प्लास्टिकचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस थंडीच्या रात्री ती दोनेक तासांत गमावतं. रात्रभर पुरवायचं तर पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं, म्हणजे पंप रात्रभर चालू.

मधल्या काळात विहिरीची ही फुकटची सोयही आटत गेली, आणि ती दोन चांगल्या योजनांमुळे. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ने प्लास्टिक अंथरलेली तळी वाढवली. पाणी साठलं खरं. पण उघडं तळं रात्री आकाशाकडे उष्णता सोडतं, जानेवारीत त्याचं पाणी विहिरीहून कितीतरी गार. दुसरी दिवसा विजेची. 2017 ची सौर कृषी वाहिनी, मग सौर पंप. रात्री साप-विंचवांच्या धास्तीने बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणाऱ्याला विचारा, ही मागणी किती जुनी होती! ती रास्तच होती. फक्त सौर पंप पहाटे चारला चालत नाही. त्यावर झाकलेली टाकी हा तोडगा आहे: दुपारी विहिरीतून भरा, पहाटे उताराने सोडा. टाकीचा खर्च मात्र शेतकऱ्याने स्वतः काढायचा.