जुनी गाडी पासिंगला निघते तेव्हा

मूलच्या रस्त्यालगत एका गॅरेजात काळी-पिवळी जीप जॅकवर चढवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पासिंग. मिस्त्री मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. ब्रेकच्या निपलला त्याने पारदर्शक नळी लावली होती, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं होतं. आत एक पोरगा पायडलवर पाय ठेवून बसलेला. "मार, मार, मार... आता धर." मिस्त्री निपल पाव फेरा ढिला करायचा, नळीतून कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल बाटलीत उतरायचं, निपल पुन्हा आवळला की पोरगा पाय उचलायचा. बाटली निम्मी भरल्यावर मिस्त्रीने ती बल्बापुढे धरली आणि म्हणाला, "पानी पेलं ना भाऊ हे ऑइल."

मला ती बोलण्याची एक तऱ्हा वाटली. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, मिस्त्री शब्दशः खरं बोलत होता. ब्रेक ऑइल खरोखर पाणी पितं. आणि पासिंगच्या ट्रॅकवर जुन्या गाडीची जी परीक्षा होते, तिच्यामागे असल्या किती तरी नवलाच्या गोष्टी वर्षभर गुपचूप चाललेल्या असतात.

आधी नियम थोडक्यात. घरच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीचं तसं नाही. तिला योग्यता प्रमाणपत्र लागतं. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी. गडचिरोलीच्या एमएच ३३ आणि चंद्रपूरच्या एमएच ३४ पाटीच्या काळ्या-पिवळ्या आणि ताडोबात पर्यटक फिरवणाऱ्या जिप्सी आठ वर्षं ओलांडल्या की या दरवर्षीच्या फेऱ्यात येतात. त्यातल्या जिप्सीची गोष्ट आणखी नाजूक आहे. १९८५ साली बाजारात आलेली ही गाडी २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. जंगलात आज जी जिप्सी दिसते ती जुनीच असणार, आणि तिचं आयुष्य मिस्त्रीच्या हातात आहे.

सिरोंच्याच्या गाडीला तर गडचिरोलीला पासिंगसाठी यायचं म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास. ज्या जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भूभाग जंगलाखाली आहे, तिथे गाडीची पहिली तपासणी हा रस्ताच करून घेतो.

आता ब्रेककडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त नवल इथेच वाटतं.

रिकाम्या जिप्सीचं वजन एक हजार किलोच्या आत-बाहेर. चालक, गाइड आणि सहा पर्यटक बसले की ते दीड हजारापर्यंत जातं. ही गाडी डांबरी रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने चालली आहे आणि समोर अचानक गुरं आली. चालकाने ब्रेक मारला, गाडी थांबली. तो वेग कुठे गेला? ऊर्जा नाहीशी होत नाही हे आपण शाळेत शिकलो. गाडीच्या अंगात जी दोन लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा होती, तिची घर्षणाने उष्णता झाली आणि ती चाकांच्या डिस्क-ड्रममध्ये शिरली. ही उष्णता किती? माठातलं अर्धा लिटर पाणी उकळवून वर थोडी उरेल इतकी. एका ब्रेकमध्ये चार कप चहाचं आधण! वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. तीसने जाणारा आणि साठने जाणारा यांच्यात दुपटीचाच फरक आहे असं आपल्याला वाटतं, ड्रमला मात्र तो चौपटीने सोसावा लागतो. कोरची-एटापल्लीकडच्या चढउतारांवर ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो, तेव्हा ड्रमला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं ते ब्रेक ऑइल. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने सांगून ठेवलं. मास्टर सिलेंडरचा लहान दट्ट्या आणि चाकाकडचा मोठा दट्ट्या यांच्या आकारातल्या फरकाने पायाचा जोर कित्येक पट होतो. पण यात एक अट आहे. मध्ये असलेला पदार्थ दबता कामा नये. द्रव दबत नाही, वायू दबतो.

आणि इथे ते पाणी येतं. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेलासारखं पाण्यापासून फटकून राहत नाही. ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांच्या अंगातून पाणी कणाकणाने आत मुरत राहतं, आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. डॉट ३ दर्जाचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याच ऑइलमध्ये शंभरात साडेतीन-चार भाग पाणी मुरलं की प्रमाणित मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर तापलेल्या ब्रेकची उष्णता त्या ऑइलपर्यंत पोचली की आतल्या आत वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ दबते. मग पायडल थेट जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. गाडी थंड झाल्यावर पाहाल तर वाफेचं पुन्हा पाणी झालेलं, ब्रेक ठणठणीत. "काल रात्री ब्रेक लागला नाही" असं सांगणाऱ्या चालकावर लोक सकाळी विश्वास ठेवत नाहीत, त्याचं कारण हे असू शकतं.

म्हणून मिस्त्री दर दोन वर्षांनी सगळं ऑइल काढून नवं भरायला सांगतो. आपल्या दमट जंगलात त्याआधीच बदललेलं बरं. जुनी गाडी राखण्याच्या कामांत एवढ्या कमी पैशांत इतका जीव वाचवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे महाराष्ट्रात २५० मीटर लांबीच्या चाचणी ट्रॅकचा आग्रह धरला गेला, तो ब्रेक तपासण्यासाठीच. उभ्या गाडीचा ब्रेक पाहून काहीच कळत नाही. आता स्वयंचलित तपासणी केंद्रं येत आहेत. तिथे चाकं फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाची पकड वेगळी मोजतात. डावं चाक धरतं आणि उजवं सुटतं, हा दोष पायाला जाणवत नाही, रुळांना लगेच कळतो.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, ही बातमी आपण जवळजवळ दरवर्षी वाचतो. पाणी उतरल्यावर पहिली निघते ती काळी-पिवळी, चिखलातून आणि नाल्याच्या वाहत्या पाण्यातून. अशी गाडी नंतर गॅरेजात आली की मिस्त्री मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट खोलून बोटावर ऑइल घेतो. ते दुधाळ दिसलं की समजायचं, पाणी आत गेलं. चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीससुद्धा असंच पांढुरकं पडतं. असं ग्रीस बेअरिंगला वंगण द्यायचं सोडून गंज देतं.

गंजाचंही नवल सांगण्यासारखं आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे ते हेमॅटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. तुळशीवृंदावनाला आपण जो गेरू लावतो तोही त्याच घराण्यातला. भट्टीत कोळशाच्या कार्बनकडून त्यातला ऑक्सिजन हिसकावून घ्यायचा, की लोखंड मोकळं होतं. त्यासाठी प्रचंड उष्णता ओतावी लागते. असं जबरदस्तीने मोकळं केलेलं लोखंड संधी मिळताच पुन्हा ऑक्सिजनला जाऊन मिळतं. पाणी आणि हवा एकत्र भेटली की झालं. जीपच्या चेसिसवरचा तांबूस गंज आणि सुरजागडची लाल माती ही सख्खी भावंडं आहेत. सुरजागडचं खनिज भरून उतरणारा टिप्पर आणि त्याला बाजू देणारी गंजकी जीप एका रस्त्यावर भेटतात, तेव्हा एकीकडे खनिज लोखंड व्हायला निघालेलं असतं आणि दुसरीकडे लोखंड पुन्हा खनिज व्हायला.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा हवेपुढे उघडं पडतं. दसऱ्याला आपण गाडी बाहेरून धुऊन हार घालतो. त्याच दिवशी चेसिसच्या पोकळीत अडकलेला वाळका चिखल पाण्याच्या जोरदार धारेने काढला, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बुशांना ग्रीस मारलं, तर पुढच्या वर्षीचं निम्मं पासिंग तिथेच झालं. काही जण चेसिसला जळालं ऑइल फासतात. ते ब्रेकच्या रबरी नळ्यांवर गेलं तर रबर फुगतं, म्हणून मला ती सवय पसंत नाही. गंजरोधक रंगाचा एक हात बरा.

या चेसिसवरच गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो. तपासणीत कागद त्यावर धरून पेन्सिल घासतात. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून छाप घ्यायचो, अगदी तसं. राखाडी पट्ट्यातून एकेक अंक उमटत येतो. जुन्या गाडीवर त्या जागी गंज बसलेला असतो आणि घाईत कुणी ग्राइंडर फिरवला तर अंकच जातात. रॉकेलचा बोळा फिरवायचा, मऊ फडक्याने पुसायचं, पुन्हा फिरवायचा. पासिंगच्या आदल्या रात्री मिस्त्रीने त्या एका वीतभर जागेवर जवळजवळ अर्धा तास घालवला. मधूनच तो बोटाच्या टोकाने अंक चाचपायचा, डोळे मिटून.

त्या बोटांना जे लागत होतं त्याच्या खालीही काही असतं. लोखंडावर ठसा ठोकला की वर खाच पडतेच, शिवाय तिच्या तळाखालचे धातूचे कण दबून विस्कटतात. चोराने अंक घासून जागा गुळगुळीत केली तरी ते विस्कटलेपण आत राहतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिथे आम्लाचं द्रावण लावतात. दबलेला भाग आणि बाकीचा भाग वेगळ्या गतीने खाल्ला जातो आणि पुसलेला क्रमांक पुन्हा दिसू लागतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता. लोखंड विसरत नाही.

टायरचं फार सांगत नाही. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही, आणि ते ओळखण्यासाठी खाचेच्या तळाशी कंपनीने बारीक उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

पण रेडियमबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. गाडीला पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या आणि मागे लाल चमकत्या पट्ट्या लावतात, त्यांना आपल्याकडे सगळेच रेडियम म्हणतात. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधलेलं रेडियम या पट्टीत कणभरही नाही. रेडियमचा रंग घड्याळाच्या काट्यांवर अंधारात आपोआप उजळायचा. ही पट्टी स्वतः काहीच उजळत नाही. ती आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवते. साधा आरसा असं करत नाही. त्यावर तिरका आलेला प्रकाश दुसरीकडे जातो. पण तीन आरसे एकमेकांना काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यासारखे जोडले, तर कुठूनही आलेला किरण तीन उड्या मारून आल्या वाटेने परत फिरतो. पट्टीत असे डोळ्यांना न दिसणारे असंख्य कोपरे किंवा काचेचे बारीक मणी असतात.

चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर असेच कोपरे बसवलेली नासाची एक छोटी घुमटी आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने तिच्यावर लेझर सोडला आणि तो परत आला. अहेरीच्या काळ्या-पिवळीच्या पाठीवरची पट्टी आणि चंद्रावरची ती घुमटी एकाच तत्त्वावर चालतात.

ताडोबाच्या बफरमधून रात्री जाताना हेडलाइटच्या झोतात चितळांचे डोळे चमकतात, तेही असंच. त्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. चितळाला तो अंधारात पाहायला उपयोगी पडतो, आपल्याला चितळ दिसायला.

आलापल्लीच्या पुढे जंगलात जीप रात्री बंद पडली, बॅटरी उतरली, मागचे दिवे गेले, तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसण्याचा एकच उपाय उरतो, ही लाल पट्टी. तिला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही. मात्र तिच्यावर चिखलाचा हात बसला की ती आंधळी होते, आणि आपल्या रस्त्यांवर तो पहिल्याच पावसात बसतो.

पासिंगची तारीख लांब असली तरी आज संध्याकाळी गाडी लावताना मागची पट्टी ओल्या फडक्याने पुसून घ्या.