खालच्या सुराची माणसं

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. सकाळी पोळ्या लाटता लाटता तुम्ही एखादं आवडतं गाणं गुणगुणता, तेव्हा त्यातलं नेमकं काय गुणगुणता? चालच ना? शब्द आठवतील तेवढे, आणि बाकीचं 'ला ला ला'. पण त्या चालीच्या खाली, अगदी तळाशी, आणखी एक जाड, घुमणारा आवाज चाललेला असतो. तो कुणी गुणगुणत नाही. बहुतेकींना तो वेगळा ऐकूही येत नाही. मात्र तो मधेच थांबला, तर गाणं एकदम पोरकं वाटायला लागतं.

इंग्रजी वाद्यवृंदात या आवाजाला 'बास' म्हणतात. आपल्याकडे 'बास' म्हणजे 'आता पुरे', पण हा बास तो नव्हे! आपला शब्द खर्ज. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते हा खालचा सूर सांभाळणाऱ्या माझ्या आवडत्या माणसांबद्दल. आणि तुम्ही सांगली-साताऱ्याकडच्या असाल, तर हा विषय तुमच्या अगदी अंगणातला आहे.

मिरजेची तार

सांगलीहून मिरज ती किती लांब! त्या मिरजेत शिकलगारांची घराणी आहेत. शिकलगार म्हणजे मूळचे शस्त्रांना धार लावणारे. राज्यं गेली, तलवारींचं काम संपलं, तेव्हा यांच्यातल्या फरीदसाहेबांनी 1850 च्या सुमारास तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालू आहे. सोलापूर जिल्ह्यातले मोठाले कडू भोपळे आणायचे, वाळवायचे, त्यांना तून नावाच्या लाकडाची दांडी जोडायची आणि वर नक्षीकाम करायचं. देशभरचे गवई मिरजेचा तंबोरा मागून घेतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जसं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे, तसंच हे!

तंबोऱ्याला सहसा चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची जाडजूड पितळी तार खर्जाची. जोडीची तार सेकंदाला जितक्या वेळा थरथरते, त्याच्या बरोबर निम्म्या वेळा ही खर्जाची तार थरथरते. म्हणून तिचा आवाज खोल. पण गंमत पुढेच आहे. तंबोरा चांगला जुळला आणि जवारी नीट लागली, की या खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू यायला लागतो. तार लावलेली असते 'सा'ची, पण तिच्या पोटातून 'ग' बोलतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. गाणाऱ्याला आपला सूर खरा की खोटा, हे ही तारच सांगते.

किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली ते गेल्यावर त्यांना मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गायक-वादक हजेरी लावतात. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच, 1905 सालचा. बाईमाणसानं तिकीट लावून जाहीर मैफल करायची, हे धाडस ज्यांनी पहिल्यांदा केलं, त्यांत हिराबाईंचं नाव घेतात. ही नावं आपल्याला ठाऊक असतात. पण त्यांच्या मागे बसून तास-तास तंबोरा छेडणारी शिष्य मंडळी कोण होती? बोटं दुखली तरी लय न बदलता, सूर न हलवता बसायचं, हे सोपं काम आहे का? तुम्हीच सांगा!

कणकेचा गोळा आणि डावा हात

आता तालाकडे या. भजनी मंडळातला पखवाज तुम्ही जवळून पाहिला असेल. त्याच्या डाव्या तोंडावर काय थापतात? भिजवलेली कणीक! आपण पोळ्यांना भिजवतो तीच. कातड्याला वजन मिळालं, की ते सावकाश हलतं आणि आवाज खाली उतरतो. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर बद्द. म्हणजे इथंही अंदाज हवाच, मोजमापाचा चमचा नाही.

तबल्याच्या जोडीत हे काम डग्ग्याकडे. लोकांचं लक्ष उजव्या हाताच्या टणत्कारी बोलांकडे असतं, पण डावा हात पाहायला शिका. तळहाताची टाच डग्ग्यावर दाबून पुढे सरकवली, की तो घुमारा वर चढतो, जणू कुणी हुंकार देतंय. उस्ताद अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते. लोक पदं ऐकायला जात, आणि त्यांचा ठेका ऐकून तृप्त होऊन येत.

आणि हे ऐकायला पुण्या-मुंबईलाच गेलं पाहिजे असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला 1940 साली पंडित अंतुबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला. तो आजही होतो. तिथं गेलात, तर एकदा फक्त डावा हात आणि मागचे तंबोरे ऐका. गवई तर सगळेच ऐकतात.

सिनेमाच्या गाण्यातलं 'दुम दुम'

तुम्ही म्हणाल, आम्हाला शास्त्रीयातलं फारसं कळत नाही, आम्ही आपल्या सिनेमाची गाणी ऐकणाऱ्या. बरं, मग राहुल देव बर्मन, म्हणजे पंचम यांचं एखादं गाणं लावा. चालीखाली एक चार तारांची गिटार 'दुम दुम' करत चाललेली असते. ही बास गिटार. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून ती 1951 साली बाजारात आली आणि लवकरच जगभर पसरली. त्याआधी हे काम माणसाएवढ्या उंचीच्या, उभ्यानं वाजवायच्या लाकडी वाद्याकडे होतं.

पंचमच्या ताफ्यात बास गिटार वाजवत टोनी वाझ. कितीतरी गाण्यांचा पाया त्यांच्या बोटांनी घातला. दुसरे चरणजित सिंग. ते बास गिटारही वाजवत आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यंही. 1982 साली त्यांनी दहा रागांना डिस्कोचा ठेका देऊन एक तबकडी काढली. त्या वेळी कुणी फारशी विचारली नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले जाणकार चकित झाले, की हे इतक्या आधी मुंबईत झालं होतं! चरणजित सिंग 2015 साली गेले. आयुष्याच्या शेवटी शेवटी का होईना, त्यांना टाळ्या ऐकायला मिळाल्या.

पण गाण्याच्या तबकडीवर काय छापलेलं असे? गायिका, गीतकार, संगीतकार. रेडिओवर निवेदिका सांगायची तीही हीच नावं. 'दुम दुम' करणाऱ्याचं नाव कुठे नाही.

तिकडेही तीच गत

आपल्याकडेच असं होतं असं समजू नका. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात मोटाउन नावाच्या कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन हे बासवादक होते. त्या कंपनीची गाणी घराघरांत वाजायची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींनी पुढे सांगितलं, की आपल्यावर जेमर्सनच्या वाजवण्याचा प्रभाव आहे. आणि जेमर्सनचं नाव त्या तबकड्यांवर पहिल्यांदा छापलं कधी? 1971 साली, मार्विन गे यांच्या तबकडीवर. तोवर सबंध दशक लोटलं होतं. 1983 साली ते वारले.

खुद्द मॅकार्टनींचीही गंमत ऐका. 1961 साली गटातला बासवादक सोडून गेला आणि ते वाद्य घ्यायला कुणीच राजी होईना, म्हणून ते यांच्या गळ्यात पडलं. घरातलं नको असलेलं काम शेवटी कुणाच्या तरी वाट्याला येतंच, तसंच. पण ते पडेल काम त्यांनी असं केलं, की बासही चालीसारखा गाऊ शकतो हे जगाला कळलं.

आणि माझी सगळ्यांत आवडती म्हणाल, तर कॅरल के. मुलं आणि आई यांचा भार अंगावर असलेली ही बाई आधी गिटार वाजवायची. 1963 च्या सुमारास एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आला नाही, म्हणून तिनं बास हातात घेतला आणि मग तो सोडलाच नाही. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, पुरुषांच्या घोळक्यात, हजारो गाण्यांना तिनं साथ केली. 'बीच बॉइज'च्या 1966 च्या गाजलेल्या तबकडीतही ती आहे. 2025 साली, वयाच्या नव्वदीत, तिला तिकडचा मोठा सन्मान जाहीर झाला, तर 'मी येणार नाही' असं तिनं सांगून टाकलं. स्टुडिओत एकत्र बसून वाजवणाऱ्यांनी जे काम केलं, ते अशा सन्मानात दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

आपल्याकडचीही एक मुलगी सांगते. मुंबईची मोहिनी डे. वडील बासवादक, लहानपणी त्यांच्याकडूनच शिकली. ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवते आणि जगभर कार्यक्रम करते. ती बास वाजवायला लागली, की लोक गायकाकडे पाहायचे विसरतात!

ऐकायचं कसं?

घरी करून पाहण्यासारख्या चार गोष्टी देते:

• मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. एवढीशी पडदी हवा हलवणार ती किती? इअरफोन लावा किंवा घरातला मोठा स्पीकर वापरा.

• ओळखीचंच गाणं घ्या. चाल पाठ असली, की कान खाली जायला मोकळे होतात. एकदा संपूर्ण गाणं फक्त 'दुम दुम' ऐकत काढा.

• मुलगी गाण्याच्या परीक्षा देत असेल, तर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज जरूर करू द्या, पण अधूनमधून खरा तंबोरा छेडायलाही बसवा. नुसतं ऐकून तिचा सूर सुधारेल.

• घरात जुना तंबोरा असेल तर त्याला गवसणी घाला. उन्हात किंवा भिंतीच्या ओलीला ठेवू नका. जवारी बिघडली तर घरी खरवडत बसू नका, ते जाणत्या कारागिराचंच काम.

नाव घ्यायला काय लागतं?

आपल्याला बायकांना 'तुम्ही घराचा पाया आहात' असं ऐकायची सवय असते. हळदीकुंकवाच्या समारंभात, निरोपाच्या भाषणात, सगळीकडे हेच. ऐकायला गोड लागतं. पण पायाला नाव नसतं, आणि बिनानावाच्या माणसाला कुणी मोबदला विचारत नाही, रजा विचारत नाही, थकलीस का म्हणून विचारत नाही. जेमर्सनला कौतुक कमी नव्हतं. स्टुडिओतल्या सगळ्यांना तो माहीत होता. नव्हतं ते छापलेलं नाव. वाहवा हवेत जाते, छापलेलं नाव मागं राहतं.

म्हणून सुरुवात आपणच करू या. तुमच्या भजनी मंडळाची पत्रिका छापाल, तेव्हा गायिकेच्या नावाखाली पखवाज, पेटी, टाळ आणि तंबोरा यांवर कोण होतं, तेही छापा. एक ओळ वाढेल, खर्च वाढणार नाही. शाळेच्या गॅदरिंगला मुलगी मागच्या रांगेत ठेका धरून बसली असेल, तर 'तू पुढे का नव्हतीस?' असं विचारू नका. 'तुझा ठेका कुठे हलला नाही हं!' असं म्हणा. आणि तिनं तबला शिकायचा हट्ट धरला, तर 'मुलींचं वाद्य नाही ते' म्हणून गप्प बसवू नका. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी हेच ऐकलं असतं, तर तबल्यात मोठं नाव कमावणारी एक स्त्री आपल्याला मिळाली नसती.

आज रात्री ओटा आवरून झाला, की एक गाणं लावाच. चाल सोडून द्या, तळाशी जा. आणि तिथं कोण वाजवतंय, त्याचं किंवा तिचं नाव शोधून काढा. सापडलं, तर शेजारणीलाही सांगा.