विश्लेषण : दोन मिनिटांत ३१५ वर्षे… गुलामांच्या व्यापाराचा इतिहास ॲनिमेशन कसा शिकवते?

अटलांटिक महासागराचा नकाशा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ठिपके निघतात आणि अमेरिकेच्या दिशेने सरकतात. सुरुवातीला तुरळक असलेले ठिपके अठराव्या शतकात दाट होतात. प्रत्येक ठिपका म्हणजे गुलाम केलेल्या माणसांना नेणारे एक जहाज. ‘स्लेट’ या अमेरिकी ऑनलाइन नियतकालिकाने २०१५ मध्ये तयार केलेला हा ॲनिमेटेड नकाशा ३१५ वर्षांतील २०,५२८ सफरी सुमारे दोन मिनिटांत दाखवतो.

माहिती आली कुठून?

‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या माहितीसंचातून. बंदरांच्या, जहाजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या जुन्या कागदपत्रांतून संशोधकांनी ३६ हजारांहून अधिक सफरींचा तपशील जमवला. नकाशा थांबवून ठिपक्यावर क्लिक केले की त्या जहाजाची माहिती उघडते. ठिपक्यामागे कागद आहे, ही या ॲनिमेशनची खरी ताकद.

पाहणाऱ्याला नवे काय कळते?

गुलामगिरी म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर आजची अमेरिका, म्हणजे संयुक्त संस्थाने येतात. नकाशात मात्र ठिपक्यांची गर्दी ब्राझील आणि कॅरिबियन बेटांकडे वळते. अभ्यासकांच्या अंदाजानुसार ब्राझीलमध्ये ४८ लाखांहून अधिक लोक उतरवले गेले. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट आणलेले चार लाखांहून कमी. साखरेच्या मळ्यांचा या व्यापारातील वाटा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग दिसत नाही ते काय?

आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख लोकांना जहाजांवर चढवले गेले, असा अंदाज आहे. त्यांपैकी १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरले. वाटेत गेलेले सुमारे १८ लाख जीव धावत्या ठिपक्यांत जाणवत नाहीत. शिवाय मूळ नोंदी बहुतांशी व्यापाऱ्यांच्या. त्यांनी माणसे मोजली, नावे क्वचितच लिहिली.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही झाले. १७८४ च्या ‘लॉरोर’ या फ्रेंच जहाजाच्या त्रिमितीय चित्रफितीतून आतल्या जागेची कोंडी कळते. पकडलेल्या जहाजांवरून सुटका झालेल्या ९१ हजारांहून अधिक आफ्रिकींची नावेही ऑनलाइन उपलब्ध आहेत.

धोका कुठे?

तंत्र रंजनाच्या आहारी गेले तर. मुलांसाठीच्या एका शैक्षणिक गेममध्ये गुलामांच्या आकृत्या ‘टेट्रिस’च्या ठोकळ्यांसारख्या जहाजात रचायच्या होत्या. २०१५ मध्ये टीकेची झोड उठल्यावर तो भाग काढून टाकावा लागला. अशा गेममध्ये खेळणारा गुलामांना जहाजात कोंबणाऱ्याच्या जागी बसतो.

वर्गात वापर कसा करावा?

आधी पूर्ण नकाशा पाहावा. मग एका ठिपक्यावर थांबून विचारावे : हे जहाज कुणाचे? त्यात किती माणसे होती? ही नोंद कुणी, कशासाठी ठेवली? आणि ज्यांना नेले, त्यांची नावे कुठे आहेत? दोन मिनिटांचे ॲनिमेशन तिथे संपते; इतिहासाचा तास तिथून सुरू होतो.