गव्हाण, खोडा आणि लाल कंधारी

देगलूरच्या एका अंगास लाल कंधारी गोवंशाचा कंधार-मुखेडचा मुलूख आणि दुसऱ्या अंगास देवणी गोवंशाचे मूलस्थान असलेला लातूर जिल्ह्यातील देवणी तालुका. या वंशांची जनावरे पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोठ्यांत दाव्याने खुंट्याला जखडली गेली, तेथेही मुक्तसंचार गोठ्याचा विचार आता पोहोचला असून, मोकळ्या जनावराला लसीसाठी वा कृत्रिम रेतनासाठी धरावे कसे, हा प्रश्न त्यासोबतच आला आहे.

त्याचे उत्तर गव्हाणीपाशीच सापडते. गव्हाणीपुढील कठड्यात मध्यावर खिळलेला, झुलता गज बसविलेला असतो. वरच्या रुंद फटीतून डोके आत घालून जनावराने वैरणीसाठी मान खाली नेली की मानेच्याच दाबाने गजाचे खालचे टोक बाहेर सरते, वरचे आत येऊन खिटीत अडकते, जनावर जागीच धरले जाते, आणि दांडग्या गाईने दुबळीला हुसकावण्याचा नित्याचा जुलूमही तेवढ्यापुरता थांबतो. मात्र जनावर कोसळल्यास कठडा खालूनही उघडण्याची तजवीज असलीच पाहिजे. अन्यथा गळा आवळला जाऊन ते दगावते. गव्हाणीचा तळ खुरांच्या पातळीहून १० ते १५ सेंटिमीटरच उंच ठेवणे हितावह, कारण चरताना असते तशी मान खाली असता लाळ अधिक सुटते आणि लाळेतील क्षार कोठीपोटातील आम्लता आवरतात.

परंतु बिनशिंग्या होल्स्टीन गाईच्या मापाचा तयार सांगाडा जसाच्या तसा आणून आपल्या गोठ्यात रोवणे हा मला जनावरावरील अन्याय वाटतो. शिंगांचा विस्तार आणि वशिंडाची उंची मोजल्यावाचून बसविलेल्या आडव्या नळीने मानेवर घट्टे व जखमा झाल्याखेरीज राहत नाहीत.

पशुवैद्यकीय दवाखान्यासमोरील खोड्याचा, म्हणजे जनावर उभे धरून ठेवणाऱ्या चौकटीचा, विचारही असाच जनावराच्या बाजूने करावा लागतो. बैलाला दोरांनी पाडून पत्री मारताना तो फार वेळ आडवा राहिला, तर कोठीपोटातील वायू ढेकरेवाटे निघू न शकल्याने पोटफुगीचे भय असते. खोड्यात तो उभाच राहतो, हा त्याचा मोठा गुण. गुरांचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यांना जवळजवळ सभोवार दिसते, आणि म्हणूनच कडेची हलती माणसे, लोंबणारा दोर वा जमिनीवरील छाया त्यांना बिथरवते. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या विदुषींनी वळणदार, भरीव भिंतींच्या वाटांचा पुरस्कार केला तो याच निरीक्षणावरून. धरून ठेवताना अंगावरचा दाब हलका पडला तर जनावर धडपडते, अतिरेकी झाला तर भेदरते, संथ व दृढ दाबाने मात्र स्थिरावते, हेही त्यांनी दाखविले. नवा खोडा रोवल्यावर पहिले काही दिवस सुईचे नावही न काढता त्यात केवळ मूठभर सरकी पेंड चारावी आणि जनावराला पुढच्या बाजूने मोकळे सोडावे.