नकाशाची झेरॉक्स काढून बघा

शाळेपासून आपण पृथ्वीच्या पोटाचं एक चित्र बघत आलोय. कलिंगडाची फोड काढावी तशी कापलेली पृथ्वी, वर जाडजूड तपकिरी साल, आत लालभडक गर आणि मधोमध पिवळा गोळा. हे चित्र पाहिलेल्या कोणालाही विचारा, पायाखाली खोलवर काय आहे? उत्तर बहुधा ठरलेलं असतं : लाव्हा!

आता खरी गोष्ट ऐका. तो लाल भाग म्हणजे प्रावरण, आणि प्रावरण हा घन खडक आहे. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून मात्र त्या आरामात जातात आणि साधारण २,८९० किलोमीटर खोलीवर, जिथे द्रवरूप बाह्य गाभा लागतो, तिथे अडतात. प्रावरणाचा खडक सरकतो हे खरं, पण वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात त्या वेगानं. वितळलेला भाग असतो तो थोडा आणि काही ठिकाणीच. गंमत म्हणजे वरच्या प्रावरणात ऑलिव्हिन हे खनिज भरपूर असतं आणि त्याचा रंग आहे हिरवट! चित्रकारानं लाल रंग दिला तो ‘गरम’ या अर्थानं, आपण वाचला ‘वितळलेलं’ म्हणून. लिहिलेलं वाक्य आपण तपासून बघतो, चित्रावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो.

दुसरा घोळ मापाचा. १ मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर असं प्रमाण घ्या. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे कागदावर सुमारे ६४ मिलिमीटर. खंडांखालचं कवच सरासरी ३५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ०.३५ मिलिमीटर. समुद्राखालचं ७ किलोमीटर, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. आपल्या ०.५ च्या मायक्रोटिप पेन्सिलनं ओढलेली रेघसुद्धा त्यापेक्षा जाड! ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट तर ०.०९ मिलिमीटर. पुस्तकातली जाडजूड साल खऱ्या प्रमाणात दिसणारच नाही, म्हणून ती फुगवावी लागते. त्यात चूक काही नाही. चूक आहे ती न सांगण्यात. सिव्हिलवाल्यांना हे सांगायला नको. सर्व्हेच्या एल-सेक्शनमध्ये आपण आडवं आणि उभं प्रमाण वेगवेगळं घेतो, पण शीटच्या कोपऱ्यात दोन्ही लिहितो. नाही लिहिलं तर सर शीट परत देतात. हाच न्याय शाळेच्या पुस्तकाला आणि प्रदर्शनातल्या पोस्टरला का नको?

तिसरी गोष्ट रंगाची, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. आमच्या विंगमध्ये एकजण आहे, त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला सगळे रेझिस्टरच्या रंगीत पट्ट्या वाचतात, हा गडी गुपचूप मल्टिमीटर लावून मोकळा होतो. गेल्या पावसाळ्यात शनिवारी ग्रुपवर पावसाच्या इशाऱ्याचा नकाशा आला. त्याला ताम्हिणी घाटातून माणगावला घरी जायचं होतं. त्यानं नकाशा बघितला आणि बॅग भरायला घेतली. जाता जाता मला विचारलं, “रायगड हिरवाच आहे ना रे?” मी बघितलं. रायगड ऑरेंज होता. हवामान खात्याच्या मूळ पत्रकात रंगाबरोबर शब्दही असतात. पण ग्रुपवर फिरत आलेल्या त्या कापलेल्या चित्रात नुसते रंग उरले होते. पठ्ठ्यानं विचारलं म्हणून बरं. न विचारता निघालेल्यांचं काय?

असे लोक कमी नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. आपल्याकडच्या पाहण्यांत ते याहून कमी दिसतं, तरी मोठ्या वर्गात एखाद-दुसरा निघायचाच. याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलांकडे ते एकच असतं, म्हणून मुलींपेक्षा मुलांत हे जास्त. आणि मुलांच्या हॉस्टेलांवर मुलंच राहतात, नाही का!

आता आपल्या लाडक्या इंद्रधनुषी नकाशाकडे या. निळा, हिरवा, पिवळा, लाल. मॅटलॅबमध्ये ‘जेट’ नावाची हीच पट्टी वर्षानुवर्षं आपोआप यायची. समुद्राची खोली असो वा तापमान, सगळ्यांनी तीच वापरली. तिची गोम अशी की आकडे समान अंतरानं वाढतात, पण रंगांचा उजळपणा तसा वाढत नाही. मधला पिवळा झगझगीत, दोन्ही टोकं काळपट. त्यामुळे पिवळ्याच्या कडेला प्रत्यक्षात नसलेली सीमारेषा दिसते, आणि हिरव्या पट्ट्यातला खरा फरक दबून जातो. विश्वास बसत नसेल तर अशा नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, दोन्ही सारखेच करडे!

यावर उपाय निघालेत. मॅटलॅबनं २०१४ मध्ये ‘जेट’ला सुट्टी देऊन ‘पारुला’ आणली. पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबनं २०१७ मध्ये ‘व्हिरिडिस’ घेतली. भूभौतिकशास्त्रज्ञ फाबिओ क्रॅमेरी यांनी ‘बॅटलो’सारख्या पट्ट्या तयार करून फुकट खुल्या केल्या आणि २०२० मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये विज्ञानातल्या रंगांच्या गैरवापरावर लेखच लिहिला. या पट्ट्यांत उजळपणा एका टोकाकडून दुसरीकडे सारखा बदलत जातो, त्यामुळे रंग न कळणाऱ्यालाही चढ-उतार कळतो. एड हॉकिन्स यांचे २०१८ मधले तापमानवाढीचे पट्टे आठवा. एका वर्षाला एक पट्टा, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल. लाल-हिरव्याऐवजी लाल-निळी जोडी असल्यामुळे आमच्या मित्रालाही ते लगेच वाचता आले.

तेव्हा प्रोजेक्टचं पोस्टर करताना चार गोष्टी बघा. एक, झेरॉक्स काढून अर्थ टिकतो का ते पाहा. दोन, रंगाच्या जोडीला शब्द लिहा किंवा हॅचिंग द्या. ड्रॉइंगच्या तासाला ते शिकलोय, कुठेतरी उपयोग होऊ दे. तीन, काही फुगवलं असेल तर किती पट ते लिहा. चार, रंगपट्टीशेजारी आकडे आणि एकक द्या. सर आणि मॅडम, तुम्हालाही विनंती : रिपोर्ट तपासताना मार्जिन जसं मोजता तसं हेही एकदा बघा.

झेरॉक्सला खर्च एक-दोन रुपये. कटिंग चहाहूनही कमी. आणि पोस्टरपुढे उभं राहून सगळं कळल्यासारखी मान डोलवणाऱ्या एखाद्याला ते खरोखर कळेल.