कंपनीच्या बसचा हिशेब

धुराचा ताळेबंद : लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण गाडीच्या धुराच्या तपासणीच्या, म्हणजे पीयूसीच्या कागदापाशी थांबलो होतो. पेट्रोल गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनची मर्यादा असते, डिझेल गाडीच्या धुराची दाटी तपासली जाते. पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला मात्र तिथे मर्यादाच नाही. १ एप्रिल २०२०ला लागू झालेल्या बीएस-६ निकषांनी इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणलं. काजळी घटली, नायट्रोजनची ऑक्साइडं घटली, आणि रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी ही मोठीच गोष्ट झाली. पण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणारच, आणि डिझेल जळलं की २.७ किलो. गाडी कालच शोरूममधून निघालेली असली तरी यात फरक पडत नाही. हा वायू अडवणारी जाळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये नसते. तो कमी करायचा तर इंधनच कमी जळायला हवं.

मग पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ते कुठे कमी जाळता येईल? माझ्या मते शोध शिफ्ट सुटण्याच्या वेळेपासून सुरू करावा. एरवी शहरातली माणसं कधी निघतील आणि कुठे जातील याचे अंदाज बांधावे लागतात. इथे ते कंपनीच्या हजेरीपटावर लिहिलेलं असतं. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या कारखान्यांतून हजारो कामगार ठरलेल्या वेळी बाहेर पडतात आणि भोसरी, मोशी, निगडी, तळेगाव, राजगुरुनगर अशा मोजक्या दिशांना पांगतात. तेही रोज, त्याच वेळी. बसचं वेळापत्रक आखणाऱ्याला याहून सोयीचा प्रवासी मिळणं कठीण. तरी चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी मोटरसायकली, एकेकटा माणूस बसलेल्या कार आणि कंटेनर यांचीच गर्दी असते आणि कंपन्यांच्या बस त्यांच्यात अडकून पडलेल्या असतात.

आता हिशेब करू. लिटरला १५ किलोमीटर चालणारी पेट्रोल कार किलोमीटरमागे सुमारे १५५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. आत एकच माणूस असेल तर ते सगळं त्याच्या नावावर. लिटरला ५५ किलोमीटर देणाऱ्या मोटरसायकलचा आकडा ४२ ग्रॅमच्या आसपास येतो. विजेच्या स्कूटरला किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास वीज लागते. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यात तारांमधली आणि चार्जिंगमधली गळती धरली तर स्कूटरचे २५ ग्रॅम होतात. आणि डिझेलवर चालणारी, लिटरला ४ किलोमीटर देणारी कंपनीची बस? तिचा आकडा किलोमीटरला ६७५ ग्रॅम. आत ४० कामगार असतील तर माणशी १७ ग्रॅम.

म्हणजे भरलेली डिझेल बस एकट्या माणसाच्या विजेच्या स्कूटरपेक्षाही सरस ठरते. विजेच्या दुचाकी बनवणाऱ्या या परिसरात हे लक्षात ठेवायला हवं. चेतक स्कूटर इथल्या आकुर्डीत १९७२पासून बनू लागली आणि आज विजेवरची चेतकही इथूनच बाहेर पडते. ती पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा चांगलीच आहे, तिचा खप वाढावा असंच मला वाटतं. पण इंजिन बदलण्याआधी एका इंजिनामागे किती माणसं बसतात हे पाहिलं, तर मोठी बचत तिथे सापडते.

बस भरलेली असणं मात्र महत्त्वाचं. ४० ऐवजी २० माणसं बसली की माणशी आकडा दुप्पट होतो. परतताना ती रिकामी धावली की आणखी दुप्पट. फर्स्ट शिफ्टला सोडून थर्डवाल्यांना घेऊन निघणारी बस दोन्ही वेळा भरते. पण प्रत्येक कंपनीचा बसचा ठेकेदार वेगळा आणि थांबे वेगळे असतील, तर एकाच चौकातून, एकाच वेळी, एकाच दिशेला अर्ध्या भरलेल्या बस निघत राहणार. त्यात अनेक ठिकाणी कंपनीची बस कायम कामगारांपुरती असते. कॉन्ट्रॅक्टवर आलेला मुलगा दोन मित्रांसोबत ट्रिपल सीट येतो किंवा हप्त्यावर मोटरसायकल घेतो. बसमधल्या रिकाम्या जागा आणि रस्त्यावरच्या दुचाकी यांची गाठ घालून दिली तर नवं यंत्र, नवं इंधन काहीही न आणता धूर कमी होईल. कामगारांच्या जिवाचा धोका कमी होईल तो वेगळाच.

यात कायद्याची आडकाठी नाही का? मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे कंत्राटी परवान्यावरच्या बसला करारात नसलेले प्रवासी वाटेत चढवता-उतरवता येत नाहीत. म्हणून शेजारच्या कंपन्यांनी आणि त्यांच्या कामगार-ठेकेदारांनी करारच एकत्र करावा, हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे पीएमपीएमएलने शिफ्टच्या वेळा पाहून फेऱ्या आखाव्यात आणि कंपन्यांनी पासचे पैसे भरावेत. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७मध्ये एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. दोन महापालिकांना जे जमलं ते एका एमआयडीसीतल्या कंपन्यांना जमू नये असं काही नाही. अडचण त्यांना एकत्र बोलावणार कोण, ही आहे. मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते. कामगार राहतो एका हद्दीत, राबतो दुसऱ्या हद्दीत. नदीच्या दोन्ही काठांवर अधिकार असलेली पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) २०१५पासून आहे. हे काम तिनं अंगावर घ्यावं.

विजेच्या बसचं काय? पीएमपीएमएलच्या ताफ्यात त्या फेब्रुवारी २०१९मध्ये आल्या, निगडीच्या आगारातूनही निघू लागल्या. मोठी बस किलोमीटरला एक युनिट किंवा थोडी जास्त वीज घेते. कोळशाचा मोठा वाटा असलेल्या आजच्या विजेवर तिचा कार्बनचा आकडा डिझेल बसच्या जवळपासच येतो, हे स्पष्ट सांगायला हवं. धूर रस्त्यावरून हटतो, पण तापमानवाढीच्या हिशेबात फायदा वीज कुठून येते त्यावर ठरतो. आणि इथे कंपनीच्या बसची एक खास सोय आहे. जनरल शिफ्टची बस सकाळी माणसं उतरवते आणि संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या आवारात उभी असते, नेमकी उन्हाच्या वेळी. दिवसाला ८० किलोमीटर धावणाऱ्या बसला ८० ते १०० युनिट लागतील. आपल्याकडे एक किलोवॉटचं सौर पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे एका बसला २० ते २५ किलोवॉट पुरेत. त्यासाठी छतावर अडीच हजार चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. चाकणमधल्या कुठल्याही मोठ्या शेडवर ती सहज मिळेल.

रस्त्याचा प्रश्न उरतो. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये, आणि मार्गिका आठ. कोंडीत जागेवर गुरगुरणारा ट्रक तासाला दोनेक लिटर डिझेल फुकट जाळतो, तेव्हा कोंडी फुटायलाच हवी. पण मोकळ्या झालेल्या रस्त्यावर नव्या कार येतात आणि तो पुन्हा भरतो, हा जगभरचा अनुभव. म्हणून त्या आठांपैकी दोन मार्गिका पहिल्या दिवसापासून बससाठी राखाव्यात. नंतर राखू म्हटलं की काय होतं ते आपण दापोडी-निगडी रस्त्यावर पाहिलं आहे : बससाठीची वेगळी मार्गिका (बीआरटी) कितीतरी आधी तयार होती, बस धावली ऑगस्ट २०१८मध्ये.

ट्रकचा विषय आज ओझरता आला. बनलेल्या गाड्या ट्रेलरवर चढवून देशभर पाठवण्याऐवजी चिंचवड स्टेशनातून रेल्वेनं पाठवल्या तर किती डिझेल वाचतं आणि तरी त्या फार का जात नाहीत, हे पुढच्या लेखात पाहू.